मासे नंतर, आधी स्टँड!

फिशटँक घ्यायचा ठरला की घरात पहिली चर्चा कशाची होते? अर्थातच माशांची. एंजल घ्यायचे की गप्पी, टेट्रा छान दिसतील की गोल्डफिश? मग काचेची पेटी. मग निळा लाइट. मग तो बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा. आणि सगळी खरेदी घरी पोचल्यावर, टेम्पोवाला दारात घाम पुसत उभा असताना कुणीतरी विचारतं, ‘‘अरे, पण हे ठेवायचं कशावर?’’ मग सगळ्यांच्या नजरा घरभर फिरतात. शू-रॅक? कॉम्प्युटर टेबल? आजीचं शिलाई मशीन? ‘‘ठेव रे तात्पुरतं, करू ॲडजस्ट!’’

ॲडजस्ट! आपल्या पिढीचा हा राष्ट्रीय शब्दच म्हणायला हवा. लोकलमध्ये चौथ्या सीटवर ॲडजस्ट, टू बीएचकेच्या बेडरूममध्ये ऑफिस ॲडजस्ट, दिवाळीच्या चार दिवसांत सासर-माहेर दोन्ही ॲडजस्ट. आणि गंमत म्हणजे बहुतेक ठिकाणी ते चालूनही जातं. काचेच्या पेटीत भरलेल्या पाण्याला मात्र ते चालत नाही. ते पाणी रोज, चोवीस तास, तेवढ्याच वजनानं खाली दाबत राहतं. दमत नाही, सुट्टी घेत नाही आणि समजूनही घेत नाही.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही क्रम बरोब्बर उलटा लावला. मासे घरी यायच्या दोन महिने आधी स्टँडच्या मागे लागलो. त्याला कारण होते आमचे बाबा.

बाबांची अडचण

बाबा कराडला. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर म्हणून रिटायर झाले. आई गेल्यावर दोन वर्षं ते तिथे एकटेच राहत होते. ‘पुण्याला चला’ हे मी किती वेळा म्हटलं, त्याची मोजदाद नाही. दर वेळी नवं कारण. आधी पेन्शनचं काम, मग बँकेची केवायसी, मग दारच्या आंब्याला आलेला मोहोर. आमचं फोनवरचं बोलणंही ठरलेलं. ‘‘जेवलात?’’ ‘‘हो.’’ ‘‘गोळ्या?’’ ‘‘घेतल्या.’’ ‘‘बरं, ठेवतो मग.’’ झालं! अर्ध्या मिनिटात विषय संपला. ऑफिसच्या कॉलवर दीड-दीड तास बोलणारा मी, बाबांशी बोलताना तिसऱ्या वाक्यानंतर रिकामा व्हायचो. आई होती तेव्हा फोन तिच्याकडेच असायचा. बाबा मागून नुसते ‘काय म्हणतोय?’ विचारायचे.

एका रविवारी बायकोनं फोन हातात घेतला आणि सरळच विचारलं, ‘‘बाबा, खरं सांगा, अडतंय कुठे?’’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच आवाज आला, ‘‘अगं, मासे आहेत ना...’’

मासे दोनच. बंड्या आणि ठमी. दोघंही गोल्डफिश. आईनं आणलेले, नावंही तिनंच ठेवलेली. गोल्डफिश म्हणजे दोन-चार महिन्यांचा पाहुणा असं आपल्याला वाटतं, कारण आपण त्याला वाडग्यात ठेवतो. मोठी पेटी आणि स्वच्छ पाणी मिळालं तर तो दहा वर्षांहून जास्तही जगतो. आमची जोडी सातव्या वर्षात आणि तळहाताएवढी झालेली. त्यांची पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. कराडच्या घरी ती विटांवर बसवलेल्या कडप्प्याच्या ओट्यावर होती. घर तळमजल्यावर, ओटा बांधीव. तिथे वजनाचा प्रश्नच कधी कुणाला पडला नाही.

‘‘माझी सोय काय, कुठेही होईल,’’ बाबा म्हणाले. ‘‘यांची कशी होणार? तुमचा चौथा मजला. फर्निचर ते असलं भुश्याचं.’’

बायकोनं फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, ‘‘बाबा, पेटीचं वजन किती होईल हो पाण्यासकट?’’

त्या दिवशी आम्ही बावीस मिनिटं बोललो!

सात सिलिंडर आणि साडेचार फूट जागा

हिशोब तसा शाळकरी आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. आमची पेटी काठोकाठ भरली तर पाणी मावतं साधारण १९० लिटर. वरची दोन इंच मोकळी सोडली तर १७०. म्हणजे नुसतं पाणीच १७० किलो. त्यात ८ मिलिमीटर जाडीची काच, तीस किलोच्या वर. तळाला पसरलेली खडी, वीसेक किलो. सगळं मिळून २२० किलोच्या घरात!

२२० किलो म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर यावं म्हणून सांगतो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा. असे सात सिलिंडर. आणि हे सातही सिलिंडर साडेचार चौरस फुटांत, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, कायमचे! आता मला सांगा, तुमच्या शू-रॅकवर तुम्ही सात सिलिंडर रचाल का?

लहान पेटी असेल तर आकडे खाली येतात. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच पेटी पाणी, काच, खडी धरून सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जाते. म्हणजे एक धडधाकट माणूस. पण विचार करा, तुमच्या टीव्ही युनिटवर असा एक माणूस वर्षानुवर्षं, रात्रंदिवस बसून राहिला तर?

पुढचा प्रश्न जमिनीचा. चौथ्या मजल्यावरची स्लॅब हे झेपेल का? आमच्या ऑफिसातल्या एका मित्राचं शिक्षण सिव्हिल इंजिनीअरिंगचं. आता करतो सॉफ्टवेअर, पण विषय निघाला की त्याचा चेहरा खुलतो. त्यानं सांगितलं, राहत्या घरांच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो एवढा वापराचा भार धरतात. दहा बाय बाराच्या खोलीचा हिशोब केला तर एकूण दोन टनांच्या वर. त्यामुळे नीट बांधलेल्या आरसीसी इमारतीत आमच्या पेटीएवढं वजन ही काही घाबरायची गोष्ट नाही. चार मित्र सेल्फीसाठी गळ्यात गळे घालून उभे राहतात तेव्हाही वजन एवढंच भरतं. फरक इतकाच, की मित्र जेवून घरी जातात. पेटी जात नाही.

म्हणून जागा निवडायची ती भिंतीलगत आणि शक्यतो बीमवर. खोलीच्या मधोमध नको, बाल्कनीच्या पुढे आलेल्या भागावर तर नकोच. बीम कुठे आहे हे ओळखायची मित्रानं सांगितलेली सोपी युक्ती अशी : मान वर करा. छताला ज्या भिंतीवर बीम दिसतो, तसाच तो बहुधा तुमच्या पायाखालीही असतो, कारण मजले सहसा एकसारखे असतात. पेटी बीमच्या लांबीला समांतर लावली की झालं. पेटी आमच्याहून मोठी असेल, चार-पाच फुटांची, किंवा इमारत जुनी, लोड बेअरिंगची असेल, तर मात्र मान वर करून भागणार नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअरलाच दाखवायला हवं.

खिडकीजवळची जागा दिसायला फार छान असते. पण थेट ऊन आलं की महिन्याभरात काचेवर हिरवं शेवाळ आणि उन्हाळ्यात पाणी कोमट. हॉलमधली आतली भिंत पक्की झाली. तिथे बीमही होता, प्लगही होता आणि समोर बाबांची खुर्ची मावत होती.

शोरूमची सफर

आता स्टँड. पुढचे दोन शनिवार आम्ही दोघं तेवढ्यासाठीच फिरलो. पहिला मुक्काम एसी फर्निचर शोरूम. टाय लावलेल्या मुलानं एका देखण्या पांढऱ्याशुभ्र युनिटवर हात ठेवला. ‘‘सर, धिस इज व्हेरी स्ट्राँग. फिफ्टी-फाइव्ह इंच टीव्ही आरामात राहतो.’’ मी म्हटलं, ‘‘टीव्हीचं वजन किती?’’ त्यानं मोबाइलवर शोधलं. वीस किलोसुद्धा भरत नव्हतं. ‘‘आणि आम्हाला २२० ठेवायचंय.’’ मुलगा प्रामाणिक होता. युनिटवरचा हात त्यानं अलगद काढून घेतला.

त्या युनिटच्या आत असतो पार्टिकल बोर्ड. म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी. बाबांचं ‘भुश्याचं फर्निचर’ हे वर्णन टोमण्याचं असलं तरी तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं! कोरडं असेपर्यंत ते बरं चालतं. पण फिशटँकच्या आसपास पाणी सांडणारच. बादली भरताना, जाळी काढताना, मुलांनी आत हात घालताना. कडेच्या लॅमिनेटच्या फटीतून पाणी एकदा आत गेलं की ही फळी फुगते, भुसभुशीत होते आणि एकदा फुगली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. शिवाय वरची फळी बाजूंना नुसत्या स्क्रूवर किंवा छोट्या खुंट्यांवर धरलेली असते. म्हणजे सात सिलिंडर चार स्क्रूंच्या भरवशावर.

दुसरा मुक्काम माशांचं दुकान. तिथे लोखंडी अँगलचे तयार स्टँड मिळतात. लहान पेटीला त्यातले काही ठीकही असतात. पण आम्ही बघितलेल्या स्टँडला वरून दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवलं, तर तो दारू प्यायल्यासारखा डुलला. दुकानदार म्हणाला, ‘‘पेटी ठेवली की बसतो तो जागेवर.’’ खरं तर उलटं असतं. रिकामा असताना जो डुलतो, तो वर वजन आल्यावर जास्तच धोक्याचा.

त्या रात्री बाबांना फोन करून सगळा वृत्तान्त सांगितला. ते म्हणाले, ‘‘चौकोन लचकतो. त्रिकोण लचकत नाही. मागे तिरका पाइप नव्हता ना त्याला?’’ नव्हता. ‘‘थांब, मी ड्रॉइंग पाठवतो.’’

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये असताना व्हॉट्सॲपवर तीन फोटो आले. आलेख वहीच्या कागदावर पेन्सिलनं काढलेला स्टँड. समोरून, बाजूनं आणि वरून, असे तीन व्ह्यू. मापं मिलिमीटरमध्ये, अक्षर ठाशीव आणि खाली कोपऱ्यात ‘स्केल १:१०’. आईच्या आजारपणानंतर बाबांनी हातात पेन्सिल धरलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. समोर स्लाइड चालू होती. मी बराच वेळ त्या कागदाकडेच बघत बसलो.

वजन वेल्डिंगवर नको, पाइपवर हवं

मग आम्ही गाठला फॅब्रिकेशनवाला. धायरीच्या बाजूला त्याचं शेड. त्याला ड्रॉइंग दाखवलं तर तो म्हणाला, ‘‘साहेब, गेट-ग्रिलला असं ड्रॉइंग कोण आणत नाय.’’ मग ते खिळ्याला लावून त्यानं कामाला सुरुवात केली.

बाबांच्या ड्रॉइंगमधलं जे मला कळलं, ते सोप्या शब्दांत सांगतो. तुम्ही सुताराकडून लाकडी स्टँड करून घ्या नाहीतर लोखंडी, तत्त्व एकच आहे.

एक, पाय बरोबर पेटीच्या चार कोपऱ्यांखाली हवेत आणि वरची चौकट पायांच्या डोक्यावर टेकलेली हवी, पायांच्या बाजूला चिकटवलेली नको. म्हणजे वजन चौकटीवरून थेट पायात आणि पायातून जमिनीत जातं. जोड फक्त जागा धरून ठेवतो, ओझं उचलत नाही. बाबांचं वाक्य : ‘‘वजन वेल्डिंगवर नको, पाइपवर हवं.’’ लाकडात हेच ‘वजन स्क्रूवर नको, खांबावर हवं’ असं वाचा.

दोन, आम्ही ४० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण दीड इंची चौकोनी पाइप घेतला, २ मिलिमीटर जाडीचा. वरच्या चौकटीला मधोमध एक आडवा पाइप. खाली जमिनीपासून चार इंचांवर दुसरी चौकट. मागच्या बाजूला एक तिरका, दोन्ही कुशींना एकेक तिरका. डुलणं बंद! नुसते टाके मारून भागवायचं नाही, जोड सगळीकडून पूर्ण वेल्ड करायचा. पाइपची उघडी तोंडं बंद करायची, नाहीतर पाणी आत जाऊन लोखंड आतून गंजतं आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. मग रेड ऑक्साइडचे दोन हात आणि त्यावर ऑइल पेंट.

तीन, काचेची पेटी थेट लोखंडावर ठेवायची नाही. चौकटीवर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे ज्यावर आयएस ७१० असं छापलेलं असतं तो. त्यावर थर्माकोलची शीट. पेटीचा तळ सपाट काचेचा असेल तर थर्माकोल हवाच. खाली एखादा खडा किंवा उंचवटा राहिला तर सगळा दाब त्या एका ठिकाणी येतो आणि काच तिथूनच तडकते. थर्माकोल तो खडा पोटात घेतो. आणि हो, पेटीची एकही कड प्लायच्या बाहेर लोंबता कामा नये.

चार, उंची. आम्ही २८ इंच ठेवली. बाबा खुर्चीत बसले की मासे त्यांच्या डोळ्यांसमोर आणि आमची तीन वर्षांची लेक उभी राहिली की तिच्याही. पाणी बदलताना नळीनं ते खाली बादलीत आपोआप उतरतं, तेवढी उंची पुरते. स्टँड जितका उंच आणि अरुंद, तितका तो कलंडायला सोपा.

पाच, पायांखाली तीन-तीन इंचाच्या लोखंडी पट्ट्या. पाइपची टोकदार कड थेट टाइलवर आली तर टाइल फुटू शकते. ठेवायच्या जागच्या टाइल्स आधी नाण्यानं वाजवून बघा. आवाज पोकळ आला तर खाली सिमेंट नीट भरलेलं नाही असं समजा आणि स्टँड थोडा सरकवा.

आता बायकोचं ऑब्जेक्शन. ‘‘हॉलमध्ये हे बस स्टॉपसारखं लोखंड ठेवायचं?’’ मुद्दा बरोबरच होता. मग सुतारमिस्त्रींकडून तिन्ही बाजूंनी प्लायचं कव्हर करून घेतलं, सोफ्याला मॅचिंग अक्रोड रंगाचं लॅमिनेट आणि पुढे दोन शटर. पण त्या कव्हरवर ओझं एक ग्रॅमचंही नाही. मिरवायचं काम त्याचं, वजन पेलायचं काम आतल्या पाइपचं. आत मासेखाद्य, जाळी, नळी, बादली असं सगळं मावतं. शटरला चाइल्ड लॉक, कारण लेकीचा आवडता छंद उघडझाप.

कोयनेची आठवण

ड्रॉइंगच्या बाजूच्या व्ह्यूमध्ये एक गोष्ट होती, ती कुठल्याच शोरूममध्ये कुणी सांगितली नव्हती. स्टँडच्या मागच्या वरच्या चौकटीतून भिंतीत जाणारे दोन बोल्ट. मी फोनवर म्हटलं, ‘‘बाबा, सव्वादोनशे किलो वजन आहे. ते कुठे पळून जाणार?’’

बाबा म्हणाले, ‘‘११ डिसेंबर १९६७. पहाट. मी दहा वर्षांचा होतो.’’

कोयनेचा भूकंप. कराड तिथून काही फार लांब नाही. बाबांनी ती पहाट मला याआधी कधीच सांगितली नव्हती. फडताळ भिंतीपासून सुटून पुढे आलं होतं आणि आजीनं बाबांना ओढून बाहेर काढलं होतं. घरातली भांडी कितीतरी वेळ वाजत होती, म्हणाले. आमच्या कराडच्या घरात प्रत्येक कपाट भिंतीला हुकानं अडकवलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी तसं असतं.

भूकंपाचं सोडा, पण तीन वर्षांचं मूल पेटीची कड धरून चढायला बघतं, हे तर रोजचं आहे. भरलेली पेटी वरून जड असते. हलली की आतलं पाणी झुलतं आणि तो झोल तिला आणखी ढकलतो. दोन बोल्टांचा खर्च तो केवढा! बोल्ट विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत नीट पकडतात. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर त्यासाठीचे वेगळे फास्टनर मिळतात, तेच वापरायचे. आणि हे विसरू नका, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नुकतंच पीओपी करून घेतलंय. १७० लिटर पाणी त्यांच्या झुंबरातून ठिबकायला लागलं तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला मी कोणत्या तोंडानं जाणार?

पाणसळ घेऊन आलेले बाबा

स्टँड लागला त्या शनिवारी बाबा ‘फक्त बघायला’ म्हणून आले. शिवशाहीतून उतरले ते एक पिशवी घेऊन. आत कपड्यांचा एकच जोड. बाकी गुण्या, पाणसळ आणि मेजरिंग टेप!

चहासुद्धा न घेता ते स्टँडपाशी गुडघ्यावर बसले. गुण्यानं चारही कोपरे काटकोनात आहेत ना ते बघितलं. मग पाणसळ ठेवली. बुडबुडा बाल्कनीच्या विरुद्ध दिशेला सरकलेला. आपल्याकडे हॉलच्या फरशीला बाल्कनीकडे किंचित उतार दिलेला असू शकतो. चालताना तो कळत नाही, पण पाण्याला लगेच कळतो. पेटी एका बाजूला कलली की तिकडच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या जोडावर जास्त दाब येतो. बाबांनी पत्र्याच्या पातळ चकत्या मागवल्या आणि दोन पायांखाली सरकवल्या. चकत्या नेहमी स्टँडच्या पायाखाली, पेटीच्या कोपऱ्याखाली कधीही नाही, असं मला दोनदा बजावलं. मी आयटीआयचा विद्यार्थी असल्यासारखी मान डोलावली. बुडबुडा मधोमध आल्यावरच भिंतीतले बोल्ट आवळले.

पेटी पुढच्या आठवड्यात रिकामी, थर्माकोलमध्ये बांधून कराडहून आली. भरण्याचीही एक पद्धत असते. आधी एक तृतीयांश पाणी भरून थांबायचं, स्टँड आणि फरशी बघायची. मग दोन तृतीयांश, पुन्हा थांबायचं. मग पूर्ण. नंतर चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजायचं. पाण्याइतकी अचूक पाणसळ दुसरी नाही. चारही आकडे सारखे आले. पूर्ण भरल्यावर एक दिवस तसंच ठेवलं, खाली वर्तमानपत्र पसरून. सकाळी पेपर कोरडा! काही चुकलंच असतं तर आधी पाणी काढायचं आणि मगच हात लावायचा. भरलेली पेटी एक इंचही सरकवायची नाही.

विजेचं काम तेवढं राहिलं होतं. फिल्टर आणि लाइटच्या वायरी पेटीकडून प्लगकडे जाताना मध्ये प्लगच्या खाली लोंबत्या ठेवायच्या. म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या खालच्या वळणावरून टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर किंवा पेटीच्या खाली नाही, कपाटाच्या कुशीला वर, स्क्रूनं बसवलेला. आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे ना, याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घेतली. पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद, हा नियम लेकीलाही पाठ आहे.

यांची सोय झाली

बंड्या आणि ठमी आले ते बाबांच्या मांडीवर, प्लॅस्टिकच्या दोन मोठ्या पिशव्यांतून. पाणी थोडं, हवा जास्त, आदल्या दिवसापासून उपास. जुन्या फिल्टरचा स्पंज जुन्याच पाण्यात ओला ठेवून आणला होता. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात असतात, म्हणजे नव्या घरी सगळी सुरुवात शून्यापासून नको. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, पाण्याचं तापमान सारखं होऊ दिलं आणि मग सोडलं. ठमी लगेच चक्कर मारून आली. बंड्या अर्धा तास कोपऱ्यात रुसून बसला. ‘‘नवीन जागा आहे, वेळ लागायचाच,’’ बायको म्हणाली. बाबा काहीच बोलले नाहीत. त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये पेटीचा मंद लाइट आणि समोरच्या खुर्चीत बाबा. मी दुसरी खुर्ची ओढली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, पण अर्ध्या मिनिटात उठावंसंही वाटलं नाही.

‘फक्त बघायला’ आलेल्या बाबांना आता अकरा महिने झाले. कराडचं घर आहेच, आंब्याच्या दिवसांत जाऊन येतात. तेव्हा माशांना खायला किती आणि कधी घालायचं याचं टाइमटेबल शटरच्या आतल्या बाजूला चिकटवून जातात, मिलिमीटरच्या अक्षरात.

कधी कधी वाटतं, ‘चला पुण्याला, करू ॲडजस्ट’ असंच मी दोन वर्षं त्यांना सांगत होतो. आणि आयुष्यभर मिलिमीटरमध्ये मोजत आलेल्या माणसाला तो शब्द ऐकून काय वाटत असेल? त्यांना खोली, गादी, टीव्ही यातलं काही नको होतं. त्यांचं जे आहे, ते इथे पक्कं टेकेल का, एवढंच बघायचं होतं.

तेव्हा मंडळी, या वीकेंडला फिशटँक बघायला निघणार असाल तर जरूर जा. पण दुकानात शिरल्यावर काचेला नाक लावायच्या आधी घरून तीन गोष्टी लिहून न्या : भरलेल्या पेटीचं वजन, बीमची भिंत आणि प्लगची जागा. दुकानातला स्टँड दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. डुलला तर हसून पुढच्या दुकानात जा. आणि तुमच्या ओळखीत एखादे रिटायर झालेले फिटर, सुतार किंवा ओव्हरसिअर असतील, तर त्यांना एक फोन करा. वजनाचं गणित तुम्हाला येत असलं तरी करा. बावीस मिनिटं मोकळी ठेवा म्हणजे झालं.